विहिरीच्या मोटरसाठी पाच केव्हीएचा पेट्रोल जनरेटर: वापरानंतरचे परीक्षण

नाशिक शहराला गंगापूर, दारणा आणि मुकणे या धरणांचे पाणी मिळते. पण मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव या बाजूंना मळ्यात घर असलेली अनेक कुटुंबे आजही आपल्याच विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यावर अवलंबून आहेत. अशा घरातली लाइट गेली की दिव्यांबरोबर पाणीही जाते. दिव्यांसाठी बहुतेकांनी इन्व्हर्टर बसवलेला असतो, पण नेहमीचा घरगुती इन्व्हर्टर दीड एचपीची मोटर उचलू शकत नाही. वळवाच्या पावसात वाऱ्याने फांद्या तारांवर पडतात, ११ केव्हीची वाहिनी बंद होते, १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवली जाते आणि लाइनमन बिघाड शोधून काढेपर्यंत गच्चीवरची टाकी कोरडी पडलेली असते. दुभती म्हैस उन्हाळ्यात दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी सहज पिते, त्यामुळे गोठा असलेल्या घराला ही वाट पाहणे परवडत नाही.

या गरजेसाठी आम्ही पाच केव्हीएचा (केव्हीए म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर यांच्या गुणाकाराचा हजारावा भाग, जनरेटरच्या क्षमतेचे माप), सिंगल फेज, चाकांवरचा पेट्रोल जनरेटर घेतला. इंजिन एका कंपनीचे, अल्टरनेटर (इंजिनाने फिरून वीज तयार करणारा भाग) दुसऱ्या कंपनीचा आणि दोन्ही एका लोखंडी चौकटीत जोडून दुकानाने दिलेले, असा हा सेट आहे. बाजारात असे सेट निरनिराळ्या नावांनी मिळतात, म्हणून हे परीक्षण एका नाममुद्रेपेक्षा या प्रकारच्या यंत्राचे आहे असे समजावे. इंजिन चार स्ट्रोकचे, एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे आणि सुमारे ३९० सीसीचे आहे. चेंजओव्हर (महावितरण की जनरेटर हे निवडणारा स्विच), केबल आणि वेगळे अर्थिंग धरून सगळा खर्च ऐंशी हजारांच्या आतबाहेर गेला. माझे मत आधीच सांगतो: विहिरीची दीड एचपीपर्यंतची मोटर अधूनमधून चालवण्यासाठी हा जनरेटर योग्य आहे, मात्र त्याची जोडणी यंत्राइतक्याच काळजीने करून घेतली पाहिजे.

दुकान निवडताना माझ्यावर चांगला परिणाम झाला तो दुकानदाराच्या पहिल्याच प्रश्नाचा. ‘दादा, एचपी नका सांगू, मोटरच्या पाटीवरचे अँपिअर सांगा,’ असे त्यांनी विचारले आणि स्टार्टर पॅनेलचा आतून काढलेला फोटो मागवून घेतला. इतर ठिकाणी ‘दीड एचपी ना, मग तीन केव्हीए बास’ असे उत्तर मिळत होते. हिशेब वरवर पाहिला तर तेही बरोबर वाटते. दीड एचपी म्हणजे सुमारे ११२० वॉट. पण ती मोटरच्या शाफ्टवर मिळणारी शक्ती असते. छोट्या सिंगल फेज मोटरची कार्यक्षमता फार नसते, त्यामुळे आमची मोटर प्रत्यक्षात सुमारे १० अँपिअर खेचते. २३० व्होल्टने गुणले की २.३ केव्हीए होतात, आणि तीन केव्हीएच्या सेटवर मोटर चालेल असा समज होतो.

खरी अडचण मोटर सुरू होण्याच्या क्षणाची आहे. उभी मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या चार-पाच पट प्रवाह मागते, म्हणजे आमच्या बाबतीत ४० ते ५० अँपिअर. पाच केव्हीएचा सेट सलगपणे जेमतेम २२ अँपिअर देतो. मग तो ही मोटर उचलतो कसा, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. सुरू होण्याच्या क्षणी जनरेटरचे व्होल्टेज खाली येते, व्होल्टेज उतरले की मोटरचा प्रवाहही त्या प्रमाणात उतरतो आणि दोघांचा मेळ मधल्या कुठल्यातरी पातळीवर बसतो. याची किंमत मोटरच्या पिळात, म्हणजे फिरवण्याच्या जोरात (टॉर्क), मोजावी लागते, कारण पीळ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो: व्होल्टेज ७० टक्क्यांवर आले तर पीळ निम्म्यावर येतो. पंप सेंट्रिफ्यूगल असल्यामुळे सुरुवातीला त्याला फारसा पीळ लागत नाही, म्हणून तो निम्म्या पिळावरही वेग पकडतो. जनरेटर याहून लहान असेल तर व्होल्टेज इतके कोसळते की मोटर नुसती घुमत राहते, तिचा वेग वाढत नाही, सुरुवातीचा मोठा प्रवाह वाइंडिंगमधून वाहतच राहतो आणि ओव्हरलोड वेळेवर तुटला नाही तर मोटर रिवाइंडिंगला जाते. विहिरीतून मोटर वर काढायची, ती भरून आणायची आणि पुन्हा सोडायची, हा खर्च आणि मनस्ताप ज्यांनी भोगला आहे त्यांना दोन केव्हीए जास्त घेण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

आमच्या स्टार्टर पॅनेलवर व्होल्टमीटर आणि अँपिअरमीटर दोन्ही आहेत, म्हणून हे सगळे डोळ्यांनी पाहता येते. हिरवे बटण दाबले की जनरेटरचा आवाज एकदम खोल जातो, अँपिअरचा काटा उजव्या टोकाला आदळतो, व्होल्टमीटरचा काटा १७०च्या खाली झुकतो आणि इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर पेट्रोलचा थ्रॉटल उघडतो तसे इंजिन पुन्हा उभारी धरते. सगळा प्रकार जेमतेम एका सेकंदाचा असतो. त्यानंतर अँपिअरचा काटा १०च्या आसपास स्थिरावतो, व्होल्टेज २२५च्या पुढे जाते आणि थोड्या वेळाने गच्चीवरच्या पाइपातून आधी हवा आणि मग पाणी येते. काटा दोन-तीन सेकंदांत खाली आला नाही तर लाल बटण दाबून मोटर थांबवावी आणि स्टार्टरमधला कंडेन्सर तपासून घ्यावा. कमजोर झालेला कंडेन्सर महावितरणच्या विजेवर कसाबसा चालून जातो, पण जनरेटरवर लगेच उघडा पडतो.

खरेदीच्या वेळी पाटीवरचे आकडे नीट वाचले पाहिजेत. ‘मॅक्सिमम’ आणि ‘रेटेड’ हे दोन वेगळे आकडे असतात आणि जाहिरातीत मोठा आकडा पुढे केला जातो. सलग मिळणारी शक्ती रेटेड आकड्याइतकीच असते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, आणि पेट्रोल इंजिनाची शक्ती दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. म्हणजे सहा-सात टक्के उंचीनेच गेले. मे महिन्यातल्या उन्हात तापलेल्या हवेने आणखी काही टक्के जातात. शिवाय अल्टरनेटरला एव्हीआर (व्होल्टेज आपोआप स्थिर ठेवणारे सर्किट) असावा, कारण मोटर सुरू झाल्यावर दबलेले व्होल्टेज तो लवकर सावरतो. वाइंडिंग तांब्याचे आहे हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे. आमच्या सेटमध्ये या दोन्ही गोष्टी आहेत आणि मोटरच्या सुरुवातीत त्यांचा फरक जाणवतो.

इन्व्हर्टर प्रकारचा, सुटकेसच्या आकाराचा जनरेटर आम्ही विचारात घेतला होता. तो आवाजाला सौम्य आहे, पेट्रोल कमी पितो आणि घरातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी उत्तम आहे. परंतु त्याचे इलेक्ट्रॉनिक संरक्षण मोटरच्या पहिल्या झटक्यालाच ओव्हरलोड समजून पुरवठा तोडू शकते, आणि मोटर उचलेल एवढ्या क्षमतेचा इन्व्हर्टर जनरेटर घ्यायचा तर किंमत फार वाढते. डिझेल सेट इंधनाला परवडतो, पण तो जड असतो, त्याला पक्का चबुतरा लागतो आणि वर्षातून मोजक्या वेळा लागणाऱ्या कामासाठी एवढे भांडवल अडकवणे मला योग्य वाटले नाही. ज्यांची मोटर नव्याने घ्यायची आहे त्यांनी मात्र एका पर्यायाचा जरूर विचार करावा. २३० व्होल्टची थ्री फेज मोटर घेऊन ती सिंगल फेज इनपुटच्या व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) चालवली, तर मोटर हळूहळू वेग घेते, सुरुवातीचा मोठा प्रवाह उरतच नाही आणि यापेक्षा बराच लहान जनरेटर पुरतो.

आता जोडणीविषयी, आणि इथे मला स्पष्ट लिहायचे आहे. जोडणीसाठी आलेल्या वायरमनने दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर काढली आणि जनरेटरची वीज घरातल्या पॉवर सॉकेटमध्ये सोडण्याची तयारी केली. मेन स्विच बंद ठेवला की झाले, असे त्याचे म्हणणे होते. मी ते काम तिथेच थांबवले. मेन स्विच एकदा जरी चालू राहिला, तरी जनरेटरची वीज सर्व्हिस वायरमधून उलट्या दिशेने डीपीकडे, म्हणजे रोहित्राकडे, जाते. रोहित्र दोन्ही दिशांनी काम करते. घराला २३० व्होल्ट देणारे तेच रोहित्र उलट बाजूने २३० व्होल्ट मिळाले की पलीकडच्या तारांवर हजारो व्होल्ट उभे करते. वाहिनी बंद आहे असे समजून त्याच वेळी कोणी लाइनमन पोलवर चढलेला असतो. भर पावसात आपल्या घरची वीज आणण्यासाठी वर गेलेल्या माणसाचा जीव आपल्या वायरने घ्यावा, यापेक्षा वाईट गोष्ट मला सुचत नाही. शिवाय अशा वायरचे एक टोक सॉकेटमधून निसटले तर त्याच्या उघड्या पिनांवर वीज खेळत असते आणि घरात मुले असतात.

यावरचा उपाय साधा आणि स्वस्त आहे: चेंजओव्हर स्विच. त्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूला बसतो, महावितरणकडे किंवा जनरेटरकडे, त्यामुळे विसरभोळेपणाला वावच राहत नाही. सिंगल फेजसाठी तो दोन पोलचा असावा, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो. केवळ फेज बदलणारा स्वस्त स्विच घेऊ नये. आम्ही चेंजओव्हर घराच्या मेन बोर्डाला न लावता विहिरीच्या स्टार्टरच्या आधी बसवला. त्यामुळे जनरेटरवर फक्त मोटर येते, आणि मोटर सुरू होताना व्होल्टेजला बसणारा दचका फ्रिज आणि टीव्हीपर्यंत पोहोचत नाही. ही मांडणी मला सर्वांत समाधानकारक वाटली. घराचे दिवे इन्व्हर्टरवर चालतात आणि जनरेटर केवळ पाण्यापुरता राहतो.

अर्थिंगचा मुद्दा अनेकदा सुटतो. अशा सुट्या जनरेटरमध्ये न्यूट्रल बऱ्याचदा चौकटीला जोडलेला नसतो, आणि तो जोडून अर्थ केलेला नसेल तर पुढे लावलेला आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) गळती पकडत नाही. ओल्या जमिनीवर, विहिरीच्या काठाशी, पाण्याच्या मोटरसाठी हे संरक्षण नसणे धोक्याचे आहे. म्हणून जनरेटरची चौकट आणि न्यूट्रल वेगळ्या अर्थिंगला जोडून घेतले आणि आरसीसीबीचे टेस्ट बटण जनरेटर चालू असताना दाबून पाहिले. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि त्याच्यासमोर ही चाचणी करूनच पैसे द्यावेत.

केबलच्या जाडीत काटकसर करू नये. जनरेटर स्टार्टरपासून ३० मीटर लांब ठेवला आणि अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल वापरली, तर मोटर चालताना चार-साडेचार व्होल्ट जातात, जे चालण्यासारखे आहे. पण सुरू होताना ४५ अँपिअरला तब्बल वीस व्होल्ट त्या केबलमध्येच जातात, आणि तेही जनरेटरचे व्होल्टेज आधीच दबलेले असताना. आम्ही चार चौरस मिलिमीटरची केबल घेतली आणि जनरेटर विहिरीजवळच्या पत्र्याच्या शेडखाली ठेवला. शेड तिन्ही बाजूंनी मोकळी आहे, आणि ती तशीच असली पाहिजे. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. पाऊस लागतो म्हणून यंत्र पडवीत, जिन्याखाली किंवा खिडकीलगत चालवणे जिवावर बेतू शकते.

वापरण्याचा क्रम घरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवा. आधी जनरेटर सुरू करायचा, दोन-तीन मिनिटे रिकामा चालू द्यायचा, मग चेंजओव्हर फिरवायचा आणि शेवटी स्टार्टरचे बटण दाबायचे. बंद करताना बरोबर उलटे: आधी मोटर, मग चेंजओव्हर, मग इंजिन. मोटर चालू असताना जनरेटर बंद केला किंवा पेट्रोल संपून तो आचके देत थांबला, तर मोटर कमी व्होल्टेजवर आणि कमी वेगावर रखडते. पाणबुडी मोटरच्या थ्रस्ट बेअरिंगला (फिरत्या भागाचा उभा भार पेलणारे बेअरिंग) त्याने इजा होते. म्हणून पेट्रोलची टाकी तपासल्याशिवाय मोटर लावायची नाही, हा आमच्याकडचा नियम आहे. पेट्रोल भरायचे तेही इंजिन बंद करून, ते थंड झाल्यावर.

इंधनाचा खर्च अनेकांना वाटतो तेवढा नाही. या भाराला सेट तासाला दोन लिटरच्या आसपास पेट्रोल पितो. आमच्या विहिरीतून, आहे त्या खोलीवर, दोन हजार लिटरची टाकी साधारण वीस मिनिटांत भरते. म्हणजे पाऊण लिटर पेट्रोल, आणि आजच्या भावाने ऐंशी रुपयांच्या आत दोन हजार लिटर पाणी. महावितरणच्या विजेशी तुलना केली तर हे कित्येक पट महाग आहे. पण लाइट नसताना तुलना टँकरशी करायची असते. या हिशेबातून आणखी एक गोष्ट लक्षात येते. जनरेटर दिवसभर चालवण्याची गरजच नाही. टाकी मोठी असेल तर सकाळी वीस मिनिटे आणि संध्याकाळी वीस मिनिटे पुरतात. ज्यांच्याकडे पाचशे लिटरचीच टाकी आहे त्यांनी जनरेटरच्या आधी दुसरी टाकी घ्यावी; अनेकदा तेवढ्यानेच प्रश्न सुटतो.

देखभालीत सर्वांत जास्त लक्ष कार्ब्युरेटरकडे द्यावे लागते. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात दोन महिने टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलवर यंत्र सुरू होण्यास कुरकुर करते आणि कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये चिकटा बसतो. त्यामुळे काम झाले की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे, अर्थात मोटर आधीच बंद करून. म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. महिन्यातून एकदा, लाइट असो वा नसो, जनरेटर लावून प्रत्यक्ष मोटर दहा मिनिटे चालवावी. इंजिन ऑइल पहिल्या वीस तासांनंतर आणि पुढे दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलावे. सेल्फ स्टार्टची बॅटरी पडून राहिली की उतरते, मात्र दोरी ओढून सुरू करण्याची सोय असल्याने अडत नाही. घरातल्या वयस्कर माणसांना ती दोरी ओढणे जड जाते, ही या यंत्राची खरी उणीव आहे.

दुसरी उणीव आवाजाची. उघड्या चौकटीचा हा सेट मोठा आवाज करतो. निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल आहे. मळ्यात शेजार दूर असतो, पण इंदिरानगर किंवा गोविंदनगरसारख्या दाट वस्तीत बंगल्यांच्या मधल्या जागेत हे यंत्र लावणे शेजाऱ्यांवर अन्याय ठरेल. तिथे एकच मोठा, ध्वनिरोधक पेटीतला सेट सोसायटीने मिळून घेणे जास्त शहाणपणाचे आहे. तीन एचपी आणि त्यापुढच्या शेतीच्या थ्री फेज मोटरसाठीही हा जनरेटर कामाचा नाही, हे द्राक्षबागायतदारांनी लक्षात घ्यावे. ठिबकसाठी आठ तासांच्या पाळीची वीज पुरत नसेल तर तिथे सौर पंपाचा विचार करावा.

दुकानाच्या विक्रीनंतरच्या सेवेबद्दल माझे मत संमिश्र आहे. दुकानदार फोनवर नीट उत्तर देतात, पहिले ऑइल त्यांनी माणूस पाठवून बदलून दिले आणि एअर फिल्टर, स्पार्क प्लग यांसारखे सुटे भाग त्यांच्याकडे कायम असतात. मात्र वॉरंटीची कागदपत्रे अपुरी दिली. जोडून दिलेल्या सेटमध्ये इंजिनाची वॉरंटी एका कंपनीची आणि अल्टरनेटरची दुसऱ्या कंपनीची असते, आणि उद्या एव्हीआर जळाला तर दोघे एकमेकांकडे बोट दाखवणार नाहीत याची खात्री आधीच करावी लागते. दोन पत्रे आणि त्यांवरचे क्रमांक मिळवण्यासाठी मला बराच पाठपुरावा करावा लागला. घेणाऱ्यांनी इंजिन नंबर, अल्टरनेटरचा सीरियल नंबर, रेटेड केव्हीए आणि ‘तांब्याचे वाइंडिंग’ हे शब्द जीएसटी बिलावरच लिहून घ्यावेत, दोन्ही वॉरंटी कार्डांवर दुकानाचा शिक्का आणि तारीख तिथेच मारून घ्यावी, आणि शेवटचा हप्ता स्वतःच्या विहिरीवर, स्वतःची मोटर त्या जनरेटरवर तीन-चार वेळा सुरू करून पाहिल्यावरच द्यावा.